वीस खाटांचं हॉस्पिटल संगणकावर नेताना: काय हाती लागतं आणि काय निसटतं

प्रश्न थोडक्यात असा. गडहिंग्लजला वडिलांचं वीस खाटांचं हॉस्पिटल आहे, मुलगा एमडी मेडिसिन करून आता तिथं रुजू होतोय. त्याला सगळं रेकॉर्ड संगणकावर न्यायचंय. सॉफ्टवेअर विकणारा सांगतो, तीन महिन्यांत कागद बंद. वडील म्हणतात, पेशंट समोर बसलेला असताना तू स्क्रीनकडं बघणार, मग त्याच्या चेहऱ्याकडं कोण बघणार? दोघांपैकी कुणाचं ऐकावं आणि सुरुवात कुठून करावी, असं त्या मुलानं विचारलंय.

डॉक्टर, संगणकावर जाच. पण विक्रेता सांगेल त्या क्रमानं जाऊ नका. कोल्हापुरात कागदावर आणि संगणकावर, दोन्हीकडं बरीच वर्षं काम केल्यावर माझं मत पक्कं झालंय की रेकॉर्ड कुणासाठी लिहायचं हे आधी ठरवावं लागतं. पेशंटला आपल्यानंतर जो बघणार, त्याच्यासाठी ते असतं. रात्री दोनला उठवलेला आरएमओ, म्हणजे हॉस्पिटलातला निवासी डॉक्टर, ड्युटी बदलून आलेली सिस्टर, कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा बेळगावला रेफर केल्यावर तिथला डॉक्टर, आणि सहा महिन्यांनी तोच पेशंट पुन्हा समोर आल्यावर तुम्ही स्वतः. आपल्याकडची बरीचशी सॉफ्टवेअर मात्र बिलापासून सुरू होतात. खाट, तपासण्या, औषधं, पैसे हे सगळं नीट बसवलेलं, आणि डॉक्टरांच्या नोंदीचा रकाना शेवटी कुठंतरी जोडलेला. असं सॉफ्टवेअर घेतलंत तर हिशेब चोख राहील, पेशंटला फारसा फायदा होणार नाही.

ही गोष्ट संगणकाच्या आधीपासूनची आहे. अमेरिकेतले डॉ. लॉरेन्स वीड यांनी १९६८ साली मांडलं की नोंदी नुसत्या तारखेवार न ठेवता पेशंटच्या प्रॉब्लेमवार ठेवा, म्हणजे वाचणाऱ्याला विचार कसा पुढं गेला ते कळेल. आपण सगळे एमबीबीएसला शिकलो ती नोंदीची पद्धत तिथूनच आली: पेशंट काय सांगतो, तपासल्यावर काय सापडलं, आपल्याला काय वाटतं, पुढं काय करायचं. चांगलं सॉफ्टवेअर हा विचार सोपा करतं, वाईट सॉफ्टवेअर तो मोडून टाकतं.

फायदा कुठं दिसतो ते एका पेशंटवरून सांगतो. पन्हाळ्याकडचा बावन्न वर्षांचा शेतकरी, डायबेटिस जुना. सोबत प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीत तीन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, दोन डिस्चार्ज कार्डं, थर्मल कागदावरचा ईसीजी ज्यावरच्या रेषा आता दिसतही नाहीत, आणि चार वेगवेगळ्या लॅबचे रिपोर्ट. एकात क्रिएटिनिन, म्हणजे किडनी नीट गाळत नसली की रक्तात वाढतं ते, १.१. वर्षभरानंतरच्या शिबिरातल्या रिपोर्टवर १.३. तिसऱ्यावर १.६. आताचं २.१. यातला १.३ चा रिपोर्ट ज्यानं पाहिला त्याला तो 'काठावरचा' वाटला असणार, कारण त्या लॅबनं नॉर्मलची वरची मर्यादा १.३ छापली होती. १.६ ज्यानं पाहिला त्याच्यासमोर आधीचे दोन नव्हते. चारही आकडे एका ओळीत, तारखेसकट मांडले की किडनीची गाळणक्षमता ८० च्या आसपास होती ती ४० च्या खाली आली हे कुणालाही दिसतं. आणि त्याच पडद्यावर औषधांची यादी असेल तर हेही दिसतं की तो डायबेटिसच्या मेटफॉर्मिनचा पूर्ण डोस घेतोय आणि कंबर दुखते म्हणून मेडिकलमधून आणलेली, किडनीला बाधणारी डायक्लोफेनॅक ही पेनकिलर रोज खातोय. त्या गोळीबद्दल त्याला स्वतःहून सांगावंसं वाटलं नव्हतं. "ती काय डॉक्टरांनी दिलेली न्हाई, ती आमची आमीच घेतोय," असं तो म्हणाला.

किडनीच्या बाबतीत तीन वर्षं हातात असतात आणि ती पिशवीत पडून जातात. संगणकावरच्या रेकॉर्डचं सगळ्यात मोठं देणं कुठलं विचाराल तर मी हेच सांगेन: काळाच्या ओघात बदलणारे आकडे एकत्र दिसणं. क्रिएटिनिन, एचबीए१सी (मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर), हिमोग्लोबिन, वजन, बीपी. निदान सुचवणारे कार्यक्रम वगैरे नंतरची बाब आहे.

दुसरं उदाहरण आपल्याकडच्या रीतीचं. मुलगी इचलकरंजीला सासरी, तिथं सगळी तपासणी झाली, आणि सातव्या महिन्यात बाळंतपणाला राधानगरीकडं माहेरी आली. आधीचं बाळंतपण सिझेरियननं झालंय, ते का करावं लागलं माहीत नाही. रक्तगट निगेटिव्ह आहे, पहिल्या वेळी बाळ पॉझिटिव्ह होतं का, पुढच्या बाळाला त्रास होऊ नये म्हणून देतात ते अँटी-डीचं इंजेक्शन दिलं होतं का, हे फक्त डिस्चार्ज कार्डावर आहे आणि ते कार्ड सासरच्या कपाटात. अशा वेळी रेकॉर्ड माणसासोबत यायला हवं असं सगळ्यांनाच वाटतं. पण इथंच संगणकही अडतो. माहेरच्या केसपेपरवर तिचं एक नाव, सासरच्या केसपेपरवर दुसरं. आडनाव बदललं, मधलं नाव बदललं, काही घरांत पहिलं नावही बदललेलं असतं. वय अंदाजानं सांगितलेलं. मोबाईल नवऱ्याचा. जी सॉफ्टवेअर मोबाईल नंबरलाच पेशंटची ओळख मानतात त्यांत तिच्या नोंदीशेजारी सासऱ्यांच्या बीपीच्या गोळ्या दिसू लागतात. उलट बाजूनं, एकाच गावातले, एकाच नावाचे आणि एकाच वडिलांच्या नावाचे दोन पाटील आपल्याकडं नवलाचे नाहीत. म्हणून नोंदणीच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाला पहिलं प्रशिक्षण द्या, डॉक्टरांना नंतर. नाव, जन्मतारीख किंवा वय, गाव, आणि बायकांच्या बाबतीत माहेरचं नाव विचारून नवीन फाईल उघडण्याआधी जुनी शोधायची, हा नियम त्यानं पाळला तर पुढची निम्मी डोकेदुखी वाचते.

आभा क्रमांकाबद्दल लोकांच्या मनात गैरसमज आहेत, म्हणून थोडं. आयुष्मान भारत डिजिटल मिशन सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झालं. त्यात ज्याला हवा त्याला चौदा आकडी आभा क्रमांक मिळतो. लोकांना वाटतं की त्यामुळं आपली सगळी माहिती दिल्लीत एका ठिकाणी जमा होते. तशी रचना नाही. रेकॉर्ड ज्या हॉस्पिटलनं किंवा लॅबनं तयार केलं त्यांच्याकडंच राहतं, आणि पेशंटनं मोबाईलवरून संमती दिली की ते ठरावीक मुदतीसाठी दुसऱ्या डॉक्टरला दिसतं. कल्पना चांगली आहे, इचलकरंजीच्या त्या मुलीचा प्रश्न यानं सुटू शकतो. पण प्रत्यक्षात दोन अडचणी येतात. संमतीचा ओटीपी नवऱ्याच्या फोनवर जातो आणि नवरा कामावर असतो. आणि जे रेकॉर्ड येतं ते बऱ्याचदा स्कॅन केलेल्या कागदाची पीडीएफ असते. पीडीएफमधलं क्रिएटिनिन ओळीत मांडता येत नाही, त्यातली ॲलर्जी औषध लिहिताना इशारा देत नाही. तो शेवटी पडद्यावर आलेला कागदच. आज कोल्हापूर जिल्ह्यात डॉक्टरांमधलं खरं चालणारं रेकॉर्ड व्हॉट्सॲपवर आहे, हे आपण सगळे जाणतो. रिपोर्टचा फोटो येतो, आपण उत्तर देतो, फोन बदलला की गेलं. म्हणून सॉफ्टवेअर निवडताना आभाशी जोडणी आहे का एवढंच विचारू नका. लॅबचे आकडे आकडे म्हणून साठतात का, हे विचारा.

आता इनडोअर, म्हणजे दाखल पेशंट. वॉर्डातल्या औषधांच्या ऑर्डर संगणकावर लिहिल्यानं चुका कमी होतात याला चांगला आधार आहे. बोस्टनमधल्या १९९८ च्या अभ्यासात वेळेत न पकडल्या गेलेल्या गंभीर औषध-चुका ५५ टक्क्यांनी कमी झाल्या. त्याच अभ्यासात औषधांमुळं प्रत्यक्ष इजा होण्याचं, म्हणजे टाळता येण्यासारख्या इजांचं, प्रमाण १७ टक्क्यांनीच घटलं आणि ती घट संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकली नाही. विक्रेते पहिला आकडा सांगतात, दुसरा सांगत नाहीत.

त्याहून महत्त्वाचा धडा पिट्सबर्गचा. तिथल्या मुलांच्या एका मोठ्या रुग्णालयात संगणकावरची ऑर्डर पद्धत घाईनं, थोड्या दिवसांत सगळीकडं लावली. २००५ साली त्यांच्याच डॉक्टरांनी प्रसिद्ध केलं की बाहेरून हलवून आणलेल्या मुलांमधला मृत्युदर २.८ टक्क्यांवरून ६.५७ टक्क्यांवर गेला होता. कारणं वाचली की अंगावर काटा येतो, कारण ती इतकी साधी आहेत. पूर्वी ॲम्ब्युलन्स वाटेत असतानाच डॉक्टर औषधं सांगून ठेवायचे. नव्या पद्धतीत मूल दारात येऊन नोंद झाल्याशिवाय ऑर्डरच टाकता येईना. वॉर्डातल्या कपाटातली औषधं मध्यवर्ती फार्मसीत नेली. सिस्टर खाटेजवळून उठून संगणकाजवळ गेल्या. पुढं २०१० मध्ये कॅलिफोर्नियातल्या मुलांच्या एका रुग्णालयानं नेमका उलटा अनुभव मांडला, त्यांच्याकडं अशीच पद्धत आणल्यावर मृत्युदर सुमारे २० टक्क्यांनी कमी झाला. तेव्हा मशीनला दोष देऊन किंवा श्रेय देऊन भागत नाही. तुमच्याकडं रात्री आजऱ्याहून सापाचा किंवा विषबाधेचा पेशंट येतो तेव्हा पहिल्या दहा मिनिटांत कोण काय करतं, हे आधी कागदावर लिहून काढा. सॉफ्टवेअर त्या दहा मिनिटांच्या आड येत असेल तर तेवढ्यापुरतं तोंडी ऑर्डर आणि मागाहून नोंद ही वाट ठेवलीच पाहिजे.

इशाऱ्यांचंही सांगून ठेवतो. दोन औषधं एकत्र लिहिली की खिडकी उघडते, "सावधान". ती दिवसभर इतक्यांदा उघडते की हात आपोआप बंद करत जातो. अशा इशाऱ्यांवरच्या जुन्या अभ्यासांत ४९ पासून ९६ टक्क्यांपर्यंत इशारे डॉक्टरांनी बाजूला सारलेले आढळले. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल एकत्र दिल्यावर हृदयरोगाच्या प्रत्येक पेशंटला इशारा येत असेल तर रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनसोबत बुरशीवरचं फ्लुकोनॅझोल लिहिल्यावर येणारा खरा धोक्याचा इशाराही त्याच वेगानं बंद होणार. सुरुवातीला चारच इशारे चालू ठेवा: नोंदलेली ॲलर्जी, गरोदरपण, किडनीप्रमाणे डोस, आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधांशी गंभीर विरोध. बाकीचे बंद करता येत नाहीत असं विक्रेता म्हणाला तर ते सॉफ्टवेअर घेऊ नका.

ॲलर्जीची नोंदही डोळसपणे करा. लहानपणी ॲमॉक्सिसिलिननं एकदा उलटी झाली होती, ते 'पेनिसिलिन ॲलर्जी' म्हणून लाल अक्षरांत बसतं आणि पुढं न्यूमोनियात त्या माणसाला चांगलं औषध कुणी देत नाही. कागदावरची चूक बऱ्याचदा त्या कागदासोबत हरवते, संगणकातली चूक मात्र पेशंटसोबत प्रत्येक ॲडमिशनला येते. काय झालं होतं, किती वेळात झालं, पुरळ की धाप की नुसती मळमळ, हे दोन शब्दांत लिहिण्याची सोय हवी.

आणि आता ज्या गोष्टीची मला सर्वात जास्त चीड आहे ती. कॉपी-पेस्ट. सकाळच्या राऊंडची नोंद आदल्या दिवसावरून उचलायची आणि तारीख बदलायची. मी रेफर होऊन आलेल्या पेशंटच्या छापील नोंदी वाचल्या आहेत, ज्यांत चार दिवस ओळीनं "पोट मऊ, दुखणं नाही" होतं आणि चौथ्या दिवशी दुपारी आतडं फाटल्याचं निदान करून पेशंट पाठवला होता. तिसऱ्या दिवशी सिस्टरच्या टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्टवर मात्र नाडी १२० आहे. हातानं लिहिलेला तो एकच कागद त्या गठ्ठ्यात खरं बोलत होता. तरुण डॉक्टर आळशी असतात म्हणून हे होत नाही. सरकारी आरोग्य योजनेच्या क्लेमला रोजची नोंद लागते, विम्याचे क्लेम तपासणाऱ्या टीपीए कंपनीला लागते, ती नसली की पैसे अडतात, ती आहे का हे तपासलं जातं आणि ती खरी आहे का हे कुणी तपासत नाही. महात्मा फुले योजनेचे किंवा कॅशलेसचे पेशंट जिथं जास्त, तिथं आरएमओचा दिवस कागदपत्रं अपलोड करण्यात जातो. म्हणून तुमच्या हॉस्पिटलात एक नियम करा: कालची नोंद पुढं ओढण्याची सोय बंद. रोजची नोंद दोन ओळींची चालेल, पण त्यात आज काय बदललं ते असलं पाहिजे.

वडिलांच्या आक्षेपाला उत्तर देतो, कारण तो खरा आहे. अमेरिकेतल्या २०१६ च्या एका अभ्यासात दिसलं की डॉक्टर पेशंटसमोर एक तास घालवतात तेव्हा जवळजवळ दोन तास संगणकावर आणि कागदपत्रांत जातात. आपल्या ओपीडीत तर एका पेशंटला पाच-सात मिनिटं मिळतात. त्यात टायपिंग घातलं तर वडील म्हणतात तेच होईल. त्यांना टाईप करायला लावू नका. बीपी, शुगर, वजन आणि चालू औषधं ही नोंद सिस्टरनं बाहेरच करावी, गोळ्यांची पाकिटं हातात घेऊन, "ती पांढरी बारकी गोळी" एवढ्यावर न थांबता. आत वडील हातानं लिहितील, नंतर तुम्ही किंवा सहायक निदान आणि औषधं चढवतील. स्क्रीन टेबलाच्या कडेला अशी ठेवा की पेशंटलाही दिसेल. क्रिएटिनिनची चढती रेष पाहिल्यावर त्या शेतकऱ्यानं पेनकिलर सोडली, आधी तीनदा तोंडी सांगून सोडली नव्हती. आणि वडिलांच्या डोक्यात जे रेकॉर्ड आहे, कुणाच्या घरात तरुणपणी हार्ट अटॅक आले, कोण दारू लपवतो, कुणाला कोणतं औषध सोसत नाही, ते रोज संध्याकाळी थोडं थोडं विचारून प्रॉब्लेम लिस्टमध्ये घाला. ते कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये विकत मिळत नाही.

पुराचं आपल्याला वेगळं सांगायला नको. २०१९ ला आणि पुन्हा २०२१ ला पंचगंगा चढली तेव्हा शहराच्या सखल भागात आणि शिरोळकडं तळमजल्यावरचे कागदी गठ्ठे चिखल झाले. संगणक त्यावर उपाय आहे, पण सर्व्हरही तळमजल्यावर जिन्याखाली ठेवला असेल तर नाही. वरच्या मजल्यावर सर्व्हर, रोजचा बॅकअप, त्यातली एक प्रत जिल्ह्याबाहेर आणि एक नेटशी न जोडलेली. ही शेवटची प्रत कशाला, तर नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला तेव्हा सुमारे दोन आठवडे तिथलं काम हातानं करावं लागलं. एवढ्या मोठ्या संस्थेवर जे आलं ते आपल्यावर येणार नाही असं धरून चालता येत नाही. बॅकअप आहे म्हणणं पुरेसं नसतं, तो उघडून पाहावा लागतो. आणि आयसीयूतल्या व वॉर्डातल्या प्रत्येक पेशंटचा ड्रग चार्ट दिवसातून दोनदा छापून खाटेला लावा. वीज गेली, नेट गेलं, तरी सिस्टरला पुढचा डोस कळला पाहिजे. पूर्ण कागद बंद करण्याच्या मी विरोधात आहे तो याचसाठी.

गोपनीयता गडहिंग्लजमध्ये कोल्हापूरपेक्षा नाजूक. रिसेप्शनवरची मुलगी आणि पेशंट एकाच गल्लीतले असू शकतात. एचआयव्ही, गर्भपात, मानसिक आजार, टीबी, या नोंदी ज्याला उपचारासाठी लागतात त्यालाच दिसल्या पाहिजेत. एचआयव्हीसाठी २०१७ चा कायदा आहे, संगणकावरच्या वैयक्तिक माहितीसाठी २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. पण रोजच्या व्यवहारात सगळं पासवर्डवर येतं. एकच पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेला आणि सगळे त्यावरूनच आत जाणारे, असं असेल तर कोणी काय पाहिलं आणि कोणी काय बदललं याचा माग राहत नाही. मग कोर्टातही ते रेकॉर्ड तुमच्या बाजूनं उभं राहणार नाही. प्रत्येकाचा वेगळा पासवर्ड, आणि नोंद बदलली तर जुनी खोडली न जाता मागं दिसली पाहिजे.

सुरुवातीचा क्रम मी असा ठेवेन. पहिल्या टप्प्यात नोंदणी, लॅबचे आकडे, औषधांची यादी आणि ॲलर्जी, एवढंच. ते सहा महिने चाललं की डिस्चार्ज कार्ड छापील करा, मराठीत औषधांच्या वेळांसह. पेशंटला त्याचा उपयोग लगेच कळतो. इनडोअर ऑर्डर त्यानंतर, आधी एका वॉर्डात. रोजच्या नोंदी सर्वात शेवटी. जुन्या फाईली सगळ्या स्कॅन करत बसू नका. पेशंट येईल तशी त्याची महत्त्वाची माहिती हातानं चढवा. इनडोअर पेपर किमान तीन वर्षं जपण्याची आणि पेशंटनं मागितल्यावर ७२ तासांत देण्याची जबाबदारी तुमचीच राहते, सॉफ्टवेअर कोणतंही असो.

पैसे देण्याआधी विक्रेत्याला समोर बसवा आणि एक काम करून दाखवायला सांगा: दहा पेशंटचा सगळा डेटा, लॅबच्या आकड्यांसकट, दुसऱ्या सॉफ्टवेअरला वाचता येईल अशा स्वरूपात बाहेर काढ. पीडीएफ चालणार नाही. करार संपल्यावर हे विनाशुल्क मिळेल असं लेखी घ्या. माझ्या ओळखीच्या एका हॉस्पिटलची कंपनी बंद पडली तेव्हा आठ वर्षांचं रेकॉर्ड त्यांच्याच संगणकात होतं आणि त्यांना उघडता येत नव्हतं. "नंतर बघू" असं उत्तर आलं तर दुसरा विक्रेता बघा, मग पहिल्याची किंमत कितीही कमी असो.